हार्लनचा पिवळा

चौकोन पहिला: पांढरा

सकाळी सहाला फाटकावरच्या इव्हॉनने खिडकीतून बिल्ला दिला, तेव्हा त्याच्यावरची कागदी टिकली पांढरी होती. हार्लन टीगने तो कॉलरखाली टोचला आणि रॉकेटच्या इंधनाच्या नळ्या तपासायला गेला. हवेत इंधन मिसळलं तर टिकली पिवळी पडते. सिगारेटच्या धुरानेही पडते. म्हणून सुट्टीत फाटकाबाहेर जाताना बिल्ला खिडकीत ठेवायचा, असा नियम. ठेवत कुणी नाही.

चौकोन दुसरा: फिकट पिवळा

हा कुणी पाहिला नाही. हार्लन तेव्हा तिसऱ्या झडपेपाशी होता. कुजक्या मासळीचा वास आला. या इंधनाचा वास तसाच असतो. पण फ्लोरिडाच्या त्या किनाऱ्यावर मागे खाडी, मेलेले मलेट मासे काठाला लागलेले. शिवाय एकोणीस दिवसांपासून त्याला सगळ्याचेच वास येत होते. बायकोच्या साबणाचा, कुत्र्याच्या कानांचा. तो पुढच्या झडपेकडे गेला.

चौकोन तिसरा: पिवळा

दुपारी तीनला पाळी बदलली. इव्हॉनने त्याचा बिल्ला रंगांच्या पट्टीवर तिसऱ्या चौकोनाशेजारी धरला.

"आलं आमचं सूर्यफूल," ती म्हणाली आणि नोंदवहीत 'धूर' असा शिक्का मारला. दहा वर्षं हार्लनच्या नावापुढे तोच शिक्का होता. 'गळती'चा शिक्का ज्याला लागतो, तो पुन्हा इंधनाजवळ जात नाही. गोदामात खिळे वाटतो.

हार्लन खिडकीपाशीच उभा राहिला. मागे बाकावर त्याचा मेव्हणा कॉर्बेट बूट बांधत होता. आता तिसऱ्या झडपेवर तोच जाणार होता.

"सोडलीय मी," हार्लन म्हणाला.

"काय, नोकरी?" इव्हॉनने विचारलं.

"सिगारेट. एकोणीस दिवस झाले."

"एकोणीस मिनिटं म्हण," कॉर्बेट म्हणाला. "मागच्या खेपेला मी तुझं पाकीट अंगणात पुरलं, वर फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी तूच उकरून काढलंस."

बाकावरचे हसले. म्हणूनच या खेपेला त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

हार्लनला राग यायला हवा होता, नाहीतर भीती वाटायला. त्याने दोन्हींची वाट पाहिली. काही आलं नाही.

"इव्हॉन, वास घे," म्हणत त्याने मान खिडकीत घातली.

"अरे बाबा, माझं लग्न झालंय."

"घे."

तिने कॉलर हुंगली. परत हुंगली. मग शिक्क्याकडे पाहिलं.

"नुसता साबण आहे," ती म्हणाली. "कॉर्बेट, खाली बस." आणि धोक्याच्या भोंग्याचं लाल बटण दाबलं.

चौकोन चौथा

इथपर्यंत गेलं नाही. तिसऱ्या झडपेच्या सांध्यातून इंधन झिरपत होतं, ते चारच्या आत सापडलं. सगळे फाटकाबाहेर वाऱ्याच्या उलट बाजूला बसले होते. हार्लनला तपासायला डॉक्टरची गाडी यायची होती. इव्हॉनने 'धूर' खोडून दुसरा शिक्का मारला होता. मारताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

कॉर्बेट शेजारी येऊन बसला. मग त्याने पाकीट पुढे केलं.

"घे. आता बिल्ला नाहीये तुझ्या अंगावर."

हार्लनने एक घेतली. पेटवली नाही. नाकाशी धरली. गोडसर वास होता.

"गोदामात ओढू देतात का रे?"

"खिळ्यांना काय होतंय," कॉर्बेट म्हणाला.