जिन्याखालचं मीटर

शेरा: गेट बंद.

पुढच्या महिन्यात, शेरा: गेट बंद.

त्यापुढच्या महिन्यात लिहायचीही लाज वाटली, म्हणून नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा.

गेट बंद नव्हतं. सताड उघडं होतं, हीच तर भानगड. विजेची मीटरं वाचत गल्लोगल्ली फिरणारी ही बाई, सगळे तिला मीटरबाईच म्हणत, त्या घरासमोर आली की आधी तिची पोटरी थरथरे आणि मग बाकीची बाई. पोटरीवर दातांचे चार वण होते. दात जमादारचे. जमादार म्हणजे त्या घरचा कुत्रा, वासराएवढा. ‘छू’ मात्र मालकाचं. वरच्या गॅलरीत उभं राहून त्यानं तो अंगावर घातला, ती लंगडत बाहेर पळाली तेव्हा पोट धरून हसला, आणि वर म्हणाला, “कुत्र्याला माणसं बरोबर कळतात, बाई.”

कचेरीतल्या साहेबांनी बजावलं, आणखी एकदा गेट बंद लिहिलंत तर घरी बसा. घरी सासूनं कपाळाला हात लावला.

“मला कधी भ्यायली नाहीस, आणि कुत्र्याला भितेस?”

इथं गोष्टीत धैर्य यायला हवं. आलं नाही. आला तो डूख. तिला शूरवीर काही व्हायचं नव्हतं. त्या माणसाचं हसू उतरलेलं तोंड एकदा बघायचं होतं, बस्स.

म्हणून ती सुट्टीच्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात जाऊ लागली. पहिल्यांदा दारातूनच परतली. दुसऱ्यांदा एका म्हाताऱ्या, बोळक्या कुत्रीचा पट्टा धरला आणि घामानं भिजली. कंपाउंडर म्हणाला, तुम्ही श्वास रोखता हो, श्वास रोखलेला माणूस कुत्र्याला चोर वाटतो. मग ती श्वास सोडायला शिकली. चाळिशीत. महिनाभरात इंजेक्शनच्या वेळी कुत्र्यांची डोकी काखेत धरू लागली. शिवाय रोज संध्याकाळी कामावरून येताना, त्या घराचं गेट लावलेलं असे तेव्हा, गजांतून मूठ आत. पहिले काही दिवस गुरगुर. मग हुंगणं. मग चाटणं. मालकाच्या सुनेनं एकदा हे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

मीटरचा दिवस.

मालक गॅलरीत. ती दिसताच खूश. “छू!”

जमादार सुटला. तिची पोटरी थरथरली, होय, अजूनही. तिनं श्वास सोडला. जमादार येऊन तिच्या मुठीत नाक खुपसून शेपटी हलवू लागला.

जिन्याखाली वाकून तिनं मीटर वाचलं. आकडा लिहिला. वरून शिव्या सुरू झाल्या, मग पावलं. मालक काठी घेऊन उतरत होता. जमादारनं काठी पाहिली आणि ओठ मागे घेतले. मालक पाचव्या पायरीवर थिजला.

तेव्हा तिला उलगडलं. रोज संध्याकाळी गजांतून दिसायचंच की, जमादारला खाऊ घालते ती सून. बांधते ती सून. एवढ्या आरडाओरड्यातही ती बाहेर आली नाही, म्हणजे आज सून घरात नाही. हा माणूस वर्षानुवर्षं गॅलरीतूनच कुत्रा पाळतोय.

“त्याला बांधा ना, बाई,” तो म्हणाला.

ते अजिजीचं ‘ना’ ऐकून तिचं मन भरायला हवं होतं. भरलं नाही. ती खालच्या पायरीवर ऐसपैस बसली, जमादारचं डोकं मांडीवर घेतलं.

“का? भिता?”

तो काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं, साहेब. समोरच्यांना ऐकू जाऊ दे.”

समोरची खिडकी उघडलीच होती. शेजारची उघडली. मालकानं कठडा दोन्ही हातांनी धरला.

“भितो,” तो म्हणाला. “मी त्याला भितो.”

ती उठली; जमादार पायरीशीच बसून राहिला. खिळ्याला साखळी टांगलेली होती. मालकानं सुस्कारा सोडला. तिनं साखळी काढली, नीट गुंडाळली आणि आपल्या पिशवीत टाकली.

“अहो, साखळी!”

ती पुढच्या घरी पोचली होती. घंटी वाजवताना पिशवीत लोखंड खुळखुळलं, आणि तिला फार बरं वाटलं.