पहारेकरी शिकाऊ ठेवायचा का?

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, शेपूट तर नाहीच नाही. मी एक जुना प्रश्न आहे. संगणकाच्या आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो बांधायला घेतला की बांधणाऱ्यामागे आम्ही हजारो प्रश्न भुणभुण लावतो. हे हवं का, ते हवं का? प्रत्येकाला 'हो' किंवा 'नाही' सांगावं लागतं. आणि एकदा कर्नल बांधून झाला की उत्तर बदलत नाही. बदलायचं तर अख्खा कर्नल पुन्हा बांधा!

या कर्नलमध्ये एक पहारेकरी असतो. कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा, याचे नियम त्याला दिलेले असतात. माझा प्रश्न या पहारेकऱ्याविषयी आहे. त्याला शिकाऊ राहायची मुभा द्यायची का? 'हो' म्हटलं, तर काही नियमाबाहेर दिसलं तरी तो नुसता पुटपुटतो, म्हणजे नोंद करून ठेवतो, अडवत नाही. 'नाही' म्हटलं, तर तो सरळ अडवतो आणि मग त्याला कुणी शिकाऊ करू शकत नाही.

माझा जन्म दूर कुठे झाला, पण जीव लागला तो नवा रायपूरच्या एका छोट्या कंपनीत. तिथे मंजिरी काम करते. तिचं घराणं अमरावतीकडचं, वडील रेल्वेत, म्हणून ती रायपूरच्या पुरानी बस्तीत वाढली. बस वेळेवर मिळत नाही म्हणून रोज कुरकुरत येते आणि आल्या आल्या आमच्यात रमते. ती आणि तिचे वरिष्ठ यशवंतराव छोटा संगणक बसवलेला एक डबा बनवत होते. हा डबा लसींच्या फ्रीजला जोडायचा. आतला गारवा कमी झाला की बॅटरीवर चालणाऱ्या या डब्याचा भोंगा वाजणार.

पहिला डबा जायचा होता मंजिरीच्या इंदूआत्याकडे. आत्या जंगलाकडच्या एका गावात दवाखान्यात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, फ्रीज तापला, लस फुकट गेली. लेकरं कडेवर घेऊन उन्हातून आलेल्या आयांना आत्याला परत पाठवावं लागलं. तेव्हापासून ती फ्रीजपाशी खुर्ची टाकून बसते. जेवायलासुद्धा ती घरी जात नाही. मंजिरीला आत्याला त्या खुर्चीवरून उठवायचं होतं.

आता या कंपनीतली रीत ऐका. काही अडलं की सगळ्यांचा पहिला उपाय एकच, पहारेकरी शिकाऊ ठेवा. म्हणून मी वर्षभर 'हो' होतो. कामं धडाधड होत होती आणि माझं कौतुकही होत होतं. पहारेकरी बिचारा दिवसभर पुटपुटायचा. पण काम चालतंय म्हटल्यावर त्याचं ऐकतो कोण?

डबा पाठवायच्या दिवशी मंजिरीने मला 'नाही' केलं. बाहेरच्या जगात शिकाऊ पहारेकरी कामाचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कर्नल बांधून झाला आणि मी आपला ऐटीत बसलो. यशवंतरावांची एक सवय आहे. तापमान मोजणारी तार ते आपल्याच चहात बुडवून बघतात, त्याशिवाय डबा दाराबाहेर जात नाही. त्यांनी तार बुडवली. चहा निवत आला, तरी भोंगा वाजेना. यशवंतरावांचा चेहरा पडला.

झालं होतं असं, की भोंगा वाजवायचा नियम कुणी लिहिलाच नव्हता. शिकाऊ असताना पहारेकरी पुटपुटून भोंगा वाजू द्यायचा. आता त्याने अडवला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

माल नेणारी गाडी शहराच्या भनपुरी भागात भरून उभी होती आणि त्या बाजूची पुढची गाडी आठवड्याने. यशवंतराव कासावीस झाले. म्हणाले, "मंजिरी, त्याले पुन्हा 'हो' करून टाक. भोंगा वाजते ना तसा? बाकीचं मागून पाहू."

वाजला असता हो! पण उद्या एखादा भलता प्रोग्राम आत शिरून भोंगाच बंद करू लागला, तर शिकाऊ पहारेकरी नुसता बघत राहिला असता. मंजिरीने आत्याला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उशीर झाला तर मी बसून राहीन, पोरी. आतापर्यंत बसलीच ना? पण तू भरवशाचा म्हणून देशील, अन् तो मुका निघाला, तर मी बसणारही नाही."

मंजिरीने गाडी जाऊ दिली. मला 'हो' केलं, पण फक्त तिच्या टेबलावरच्या चाचणीपुरतं. मग ती पहारेकऱ्याची पुटपुट पहिल्यांदा मन लावून ऐकत बसली. ज्याला ज्याची खरी गरज, त्याला तेवढाच नियम लिहिला. मग मला पुन्हा 'नाही' केलं, कर्नल नव्याने बांधला आणि यशवंतरावांपुढे चहा ठेवला. त्यांनी तार बुडवताच भोंगा असा कडाडला, की अर्धा चहा त्यांच्या सदऱ्यावर! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पुढच्या गाडीची वाट कशाला पाहायची, म्हणत सकाळी यशवंतराव स्वतःच्याच मोटारीतून डबा आत्याकडे घेऊन गेले.

मे महिन्यातल्या एका दुपारी तिथली वीज गेली. भोंगा वाजला. दवाखान्यामागेच आत्याचं घर, ती पळत आली आणि तिने लस बर्फाच्या पेटीत हलवली. एकही कुपी वाया गेली नाही. संध्याकाळी तिने मंजिरीला फोन केला. "वाजला वं तुझा डबा," ती म्हणाली, "मी झोपली होती, त्यानंच उठवलं." मंजिरीला रडूच फुटलं. आत्या दुपारची झोपली होती!

मित्रांनो, आम्हा प्रश्नांना घाईने उत्तरं देऊ नका. पहारेकरी शिकाऊ आहे तोवर त्याची पुटपुट ऐका, मग खुशाल मला 'नाही' म्हणा. म्हणताना एवढं मात्र ध्यानात असू द्या, की तुमच्या त्या एका उत्तराच्या भरवशावर कुणीतरी दमलेलं माणूस डोळा मिटणार आहे.