पिवळ्या पोटाचा ट्रक

“हात दाखव,” पेंटर म्हणाला.

“हाताला काय झालंय? गाडीकडे बघ.”

“गाडी कुठं पळून जात नाही. हात दाखव.”

दाण्याएवढा स्क्रू तिसऱ्यांदा माझ्या चिमटीतून निसटून टेबलाखाली गेला होता. मी उजवा हात पुढे केला. टेबलावर टेकवला की तो गप्प बसायचा, उचलला की थरथरायचा. थरथर फार नव्हती. पण शिलाईची मशीन दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला तेवढीही पुरेशी होती.

“डॉक्टरकडे गेलास?”

“गेलो.”

“मग?”

“वाढत जाणार म्हणाले. गोळ्यांनी जरा सावकाश वाढेल. पुढच्या वर्षी रिमोट धरता येईल का विचारलं, तर म्हणाले, शर्टाची बटणं लावता आली तरी पुष्कळ.”

“वहिनींना सांगितलंस?”

“नाही. आणि सांगणारही नाही इतक्यात. तुला सांगितलं तेवढं बास. दुसऱ्या कुणापाशी बोललास तर याद राख.”

“मी कशाला बोलतोय?” पेंटर खाली वाकला, स्क्रू शोधून काढला आणि स्वतःच बसवला. मला बरं वाटलं. दुःख वाटून घ्यायला माणूस असावा लागतो, तो माझ्याकडे होता.

अकरा वर्षं दर रविवारी दुपारी तीनला तो आमच्याकडे येत होता. त्याचं काम दुकानांच्या पाट्या रंगवायचं, माझं शिलाई मशीनचं. खूळ मात्र दोघांचं एकच. रिमोटवर चालणारे हातभर लांबीचे ट्रक बांधायचे आणि वस्तीबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर, खड्ड्यांतून आणि उंचवट्यांवरून ते पळवायचे. बायको म्हणायची, “मुलगी सासरी गेली आणि तुम्ही खेळणी काढलीत. जगात उलटं असतं.” पण तीनला दोन कप चहा गॅलरीतल्या टेबलावर न सांगता यायचा.

आमच्या क्लबची मोठी शर्यत वर्षातून एकदा होते. मुख्य शर्यतीत घरी बांधलेलाच ट्रक चालतो. मोटर, बॅटरी, टायर आणि रिमोट विकत घ्यायला मुभा आहे, रंग कुणीही द्यावा, बाकी सगळं ज्याचं त्याने करायचं. जिंकणाऱ्याचा ट्रक क्लबच्या खोलीत काचेच्या कपाटात वर्षभर राहतो आणि खाली बांधणाऱ्याचं नाव लिहितात. ते नाव लिहायचं काम पेंटरचंच. अकरा वर्षांत त्याने अकरा नावं लिहिली, त्यांत माझं एकदाही नव्हतं. दोनदा तिसरा आलो, एकदा दुसरा. यंदा नाही तर कधीच नाही, हे दोनच माणसांना ठाऊक होतं.

म्हणून यंदाचा ट्रक मी माझ्या हाताच्या मापाने बांधला. मोडीत निघालेल्या जुन्या मशीनचे दांडे कापून दोन्ही आस केले, कारण ते पोलाद आता कुठे मिळत नाही. पत्रा कापून सांगाडा केला. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये आधी मशीनचं तेल घातलं, ते फारच पातळ पडलं आणि ट्रक बेडकासारखा उड्या मारायला लागला, मग दाट तेल आणलं. खरी गोम रिमोटमध्ये होती. रिमोटला एक छोटं चाक असतं, ते बोटांनी फिरवलं की ट्रकची पुढची चाकं वळतात. माझं बोट थरथरलं की ट्रकही थरथरत जायचा. मशीनमध्ये दोऱ्याला ताण देणारी स्प्रिंग असते, तसली एक मी त्या चाकामागे बसवली. आता चाक मुद्दाम दाबल्याशिवाय हलत नव्हतं. थरथर बोटातच अडायची आणि ट्रक रेषेत जायचा.

पहिल्यांदा तो सरळ गेला तेव्हा पेंटरने माझ्या पाठीत असा धपका मारला की बायको आतून धावत आली.

“लबाडा,” तो म्हणाला, “आजाराला फसवलंस की रे!”

रंग त्याने दिला. वरून गडद निळा. मग ट्रक उलटा करून त्याने पोटाला भडक पिवळा रंग लावायला घेतला.

“पोट कोण बघणार आहे?” मी विचारलं.

“मार्शल बघणार. गाडी उलटली की पोटच वर येतं ना? मातीत काळं पोट दिसत नाही लांबून. हे आंधळ्यालाही दिसेल.”

मार्शल म्हणजे कुणी मोठा अधिकारी नव्हे. ट्रक उलटला की तो रिमोटने सरळ होत नाही, कुणीतरी जाऊन हाताने उचलावा लागतो. म्हणून आमच्यात रीत अशी, की आधीची शर्यत जे धावले त्यांनी पुढच्या शर्यतीला ट्रॅकवर ठरल्या जागी उभं राहायचं आणि जवळ पडलेला ट्रक आधी उचलायचा. मग तो मित्राचा असो की वैऱ्याचा. सगळा खेळ या एका रीतीवर चालतो. ट्रॅकच्या कडेला उंच मचाणावर उभं राहून रिमोट चालवणारा माणूस त्या वेळी अगदी लाचार असतो, त्याला खाली उतरता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आधी खालच्या फळीतल्यांची शर्यत झाली. पेंटर त्यात होता, पाचवा आला. मग मुख्य शर्यत. आम्ही आठ जण मचाणावर चढलो. माझ्या डाव्या हाताला दुकानदार उभा होता. मोटर, बॅटरी, टायर सगळे त्याच्याकडूनच घेतात, आणि तयार ट्रकही तोच विकतो. माणूस गोड बोलणारा. पेंटर मार्शल म्हणून जोड उंचवट्यापाशी, म्हणजे एकामागोमाग दोन उंचवटे आहेत तिथे, उभा राहिला. मी मुद्दाम त्याच्याकडे पाहून मान हलवली. त्यानेही हलवली.

पंधरा फेऱ्या होत्या. चौथ्या फेरीत मी दुसरा होतो, नवव्या फेरीत पहिला. खोटं कशाला बोलू, हात त्या दिवशी जास्तच थरथरत होता, पण स्प्रिंगने इमान राखलं. चौदावी फेरी संपली तेव्हा दुकानदार माझ्या मागे ट्रॅकच्या पाव अंतरावर होता. खालून कुणीतरी “मशीनवाले! मशीनवाले!” असं ओरडायला लागलं.

शेवटच्या फेरीत जोड उंचवट्यावरून ट्रक उडाला, जरा तिरका उतरला आणि उलटला. चूक माझीच, मी वेग कमी करायला हवा होता. पण पिवळं पोट पेंटरपासून दोन पावलांवर होतं. वाकायचं, सरळ करायचा, एवढंच. जवळजवळ त्याच वेळी पलीकडच्या टायरांच्या भिंतीला धडकून दुकानदाराचाही ट्रक उलटला. तिथे बेकरीवाला मार्शल म्हणून उभा होता आणि तो निघालाही होता.

पेंटरने खाली पाहिलं. मी सांगतो, पाहिलं. त्याचे डोळे त्या पिवळ्यावर थांबले. मग त्याने मान वर करून मचाणाकडे पाहिलं, पण माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. आणि कडेचा पाइप ओलांडून तो पलीकडे धावला. बेकरीवाल्याच्या आधी पोचला. दुकानदाराचा ट्रक सरळ केला, मग परत येऊन माझा.

“पेंटर!” मी ओरडलो होतो की नाही, मला आठवत नाही. लोक म्हणतात, ओरडलो.

दुसरा नंबर.

मचाणावरून उतरून मी आमच्या टेबलापाशी गेलो. पेंटर तिथे कपड्याने ट्रकची माती पुसत होता. माझ्या ट्रकची.

“दिसली नाही रे गाडी,” मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला.

“पोट पिवळं आहे.”

“ऊन डोळ्यांवर येत होतं.”

“ऊन तुझ्या पाठीवर होतं.”

तो पुसतच राहिला. पुसायला काही उरलं नव्हतं.

“बोल की.”

“काय बोलू? छापील बोर्ड आल्यापासून पाट्या कोण रंगवून घेतो? सहा महिने झाले, ब्रश वाळलेत माझे. पुढच्या महिन्यापासून मला दुकानात घेतायत ते. गाड्या रंगवायला.”

“मग मला सांगायचं होतंस.”

“सांगून काय झालं असतं?”

“मी नाव मागे घेतलं असतं,” मी म्हणालो. आणि म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की खरंच घेतलं असतं. त्याने मागितलं असतं तर कपाट, नाव, सगळं देऊन टाकलं असतं. त्याने मागितलं नाही. काढून घेतलं.

तेवढ्यात दुकानदार आला. पेंटरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “चला, पेंटर, तयार गाड्यांची शर्यत लागतेय. तुमची गाडी चार्ज करून ठेवलीय.” मग माझ्याकडे वळला. “छान चालवलीत हो तुम्ही. आणि हाताला जपा. अशा दुखण्यात दगदग बरी नाही.”

बायकोला माहीत नव्हतं. मुलीला नव्हतं. मी पेंटरकडे पाहिलं. तो चार्जरची वायर गुंडाळत होता.

“तूच सांगितलंस?”

“विषय निघाला म्हणून बोललो. तुझं तसंही शेवटचं वर्ष होतं रे,” तो हळू आवाजात म्हणाला. “मला पुढं जगायचंय.”

केसाने गळा कापणं हे मी आजवर नुसतं म्हणत आलो होतो. कसं लागतं ते तेव्हा कळलं. आधी काहीच होत नाही. माणूस आपली साधनं आवरायला लागतो. स्क्रूड्रायव्हर एका खणात, पाने दुसऱ्या खणात.

तक्रारीचा एक कागद क्लबमध्ये असतो. सेक्रेटरी स्वतः तो घेऊन आले. “बेकरीवाल्याने पाहिलंय. तुम्ही सही करा, मी बघतो पुढचं.” मी नको म्हटलं. त्या कागदावर ‘कारण’ म्हणून दोनच ओळी होत्या. अकरा वर्षं दोन ओळींत कशी बसवायची?

“मुख्य शर्यतीतले सगळे ट्रॅकवर या!” भोंग्यावरून आवाज आला.

मी घरी जाऊ शकलो असतो. हाताचं निमित्त होतंच, आता ते गुपितही राहिलं नव्हतं. पण रीत ती रीत. जो धावला त्याने उभं राहायचं. पाटीवर माझ्या नावापुढे जागा लिहिली होती, जोड उंचवटा. पेंटर उभा होता तीच. मी जाऊन उभा राहिलो, गुडघ्यांवर हात टेकले आणि वाकून तयार झालो.

पेंटर मचाणावर होता. दुकानाचा नवा कोरा ट्रक, लाल. सुरुवात त्याने झकास केली, पहिल्याच वळणावर दोघांना मागे टाकलं. हात त्याचा चांगला, कधीच वाईट नव्हता. लाल ट्रक भरधाव उंचवट्यापाशी आला आणि एकदम हळू झाला. एक उंचवटा चढला, उतरला, दुसरा चढला, उतरला. सरळ वाटेवर लागल्यावर पुन्हा पळाला. मला वाटलं, अंदाज घेत असेल.

दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्यालाही. बाकीचे सगळे तिथून उडी मारत होते, एक-दोघे उलटले, मी उचलून दिले. उचलताना माझे हात जमिनीवर टेकत असल्यामुळे थरथर कळतही नव्हती. पेंटरचा ट्रक मात्र माझ्यापाशी आला की जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा पाऊल चाचपत जायचा. ट्रॅकवर इतर सगळ्या ठिकाणी तो वाघ होता.

पाचव्या फेरीला मला कळलं. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटत होतं, तो माझ्या पायाशी उलटला तर मी त्याला तसाच पडू देईन.

मी मान वर करून पाहिलं. ट्रॅकवरची आपली जागा सोडून दुकानदार मचाणावर चढला होता आणि पेंटरच्या कानाशी काहीतरी ओरडत होता, “उडवा की! उडवा!” असंच असणार. पेंटरची नजर ट्रकवर नव्हती. माझ्या हातांवर होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, उडव, पडलास तर उचलेन. पण ओरडलो नाही. जे अकरा वर्षांत कळलं नाही ते ओरडून काय कळणार होतं?

एकेक ट्रक त्याच्या पुढे गेला. तो शेवटून दुसरा राहिला, मग शेवटचा. मी शेवटची फेरी संपेपर्यंत वाकूनच उभा होतो. लाल ट्रक दर वेळी माझ्या पायांजवळून सावकाश जायचा, आणि दर वेळी माझे दोन्ही हात त्याच्याकडे अर्धवट पुढे व्हायचे.