भाभीचा जबाब

आमच्या गावची सरपंच मोंघीभाभी, आणि तिचं तोंड मी. मी तिची नणंद नाथी, सासर सुटल्यावर माहेरी येऊन राहिलेली. ग्रामसभेत सगळे वडीलधारे पुढ्यात बसलेले असायचे. भाभी हनुवटीपर्यंत घुंगट ओढून माझ्या कानात कुजबुजायची आणि मी ते मोठ्यानं सांगायचे. माझा आवाज असा की बसलेली म्हैस उठून उभी राहील. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. सुनेनं थोरांसमोर बोलायचं नाही, पण कारभार तर चालला पाहिजे!

उपसरपंच होते मोटाभाई, म्हणजे माझे थोरले बंधू आणि तिचे जेठ. त्यांनी गायरानाला काटेरी तार ठोकली आणि आत एरंडी लावली. गावच्या गाई तारेपाशी येऊन नुसत्या उभ्या राहायला लागल्या. भाभीनं ठराव करून कुंपण काढायला लावलं. सुनेनं जेठाचं कुंपण काढलं! मोटाभाईंच्या ते जिव्हारी लागलं. ठराव झालाच नाही, सरपंचानं मनमानी केली, अशी तक्रार त्यांनी वर नेली.

जिल्ह्याच्या साहेबापुढे सुनावणी लागली. शिपायानं मला दारातच अडवलं.

"फक्त सरपंच आत."

"अरे बाबा, मी सरपंचाचं तोंड आहे!"

"मग तोंडाला म्हणावं, बाकावर बस." आणि हसला मेला.

आत मोटाभाई बसलेले. साहेबानं पुन्हा पुन्हा विचारलं. भाभीनं घुंगट आणखी खाली ओढला आणि गप्प उभी राहिली. बचावात काही सांगायचं नाही, असं लिहून साहेबानं तिला पदावरून काढून टाकलं.

परतीच्या बसमध्ये मी तिच्यावर खेकसले, "एक शब्द तरी बोलायचास!"

"जीभच उचलेना नाथीबेन," ती म्हणाली. "मोटाभाई समोर होते ना."

अपील फेटाळलं गेलं. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, वेलजीनं, चोरून वकील गाठला. थोरल्या भावापुढे मान वर न करणारा माझा हा धाकटा भाऊ! हायकोर्टानं बडतर्फीचा हुकूम रद्द केला. बाईचं म्हणणं ऐकलंच गेलं नाही, ते नीट ऐका आणि मग ठरवा, असं बजावलं. वकील म्हणाला, "आता नणंद चालणार नाही. बेनला स्वतः बोलावं लागेल." तोवर कारभार मोटाभाईंच्या हाती होता आणि कुंपण परत उभं राहिलं होतं.

आम्ही गोठ्यात सराव केला. वेलजीचा फेटा बांधून, मोटाभाईंसारखी खोकत मी खाटेवर बसायचे. सुरुवातीला भाभीला हसू आवरेना, मग रडू आवरेना. एके दिवशी मात्र तिनं घुंगट वर केला आणि गाईंचं, ठरावाचं, कुंपणाचं सगळं सलग सांगितलं. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग तारखा पडत गेल्या. साहेब दौऱ्यावर, साहेब रजेवर, शेवटी साहेबच बदलला. नवा साहेब भला दिसला, त्यानं मलाही आत येऊ दिलं.

भाभी उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं घुंगट वर केला. लग्न होऊन आल्यापासून मोटाभाईंनी तो चेहरा पाहिला नव्हता. ते चटकन भिंतीकडे वळले. तिला आवाज फुटला.

"साहेब, ती जमीन गाईंची..."

"थांबा बेन," साहेब फाइल चाळत म्हणाला. "तुमच्या पंचायतीची मुदत संपली की! निवडणूक लागलीय. आता तुम्हाला परत बसवायचं कुठे? ऐकून तरी काय करू?"

बाहेर वकील म्हणाला, "यालाही आव्हान देता येईल."

"आता नको भाऊ," भाभी म्हणाली. तिचं तोंड अजून उघडंच होतं, जणू झाकायचं विसरली होती.

संध्याकाळी दाराशी मोटाभाई खोकले. आत बायका असल्या की जेठ खोकतो, तसे. मी मनात म्हटलं, भाभी, नको गं, आता तरी राहू दे. तिचा हात वर गेला आणि घुंगट हनुवटीपर्यंत उतरला.

मोटाभाई खाटेवर टेकले. "नाथी, सांग तिला, झालं गेलं विसरून जा. चहा टाक म्हणावं."

भाभी माझ्या कानाशी वाकली. चहाचं काही बोललीच नाही. साहेबासाठी पाठ केलेलं सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुजबुजत गेली. मी एकेक वाक्य अंगणभर ऐकू जाईल असं म्हणत गेले. माझा आवाज मध्येच फाटला, तरी थांबले नाही. मोटाभाई खाली मान घालून ऐकत राहिले.

"मला का ठाऊक नाही हे?" सगळं ऐकून ते म्हणाले. "ठरावाला मीपण बसलो होतो. पण एरंडी कापणीला आलीय. सांग तिला, एवढं पीक निघू दे."

सांगायची गरज नव्हती. भाभी आत गेली आणि तिनं चहा टाकला.