स्टोअरची तक्रार

कॉम्प्युटर विभागात नवी पद्धत आली होती. प्रत्येक तक्रारीला नंबर मिळायचा आणि जो मोकळा असेल तो जायचा. स्टोअरमधल्या चिंधूने मात्र सवयीने थेट विजयकुमारांनाच फोन लावला.

"विजूभाऊ, मशीन अटकून राहिली. या ना."

"आता नंबर लावा लागते, चिंधू. मले तसं येता येत नाही."

"दवाखाना झाला का बे तुमचा?"

शेवटी त्याने नंबर लावला. नवी मुलगी अनुजा गेली आणि लगेच परतली. "काका, मशीन तर ठीक होती. त्यांनी दोन चहा मागवले होते."

चिंधूची बायको रंभावहिनी वारल्यापासून त्याची मशीन रोज का अडते, हे विजयकुमारांना तेव्हा कळलं. त्यांनी घाईने फोन लावला.

"येऊ का रे?"

"नाही भाऊ," चिंधू म्हणाला. "आता काई तक्रार नाही."