आईसाहेबांच्या उंच कड्या

पौषातली सकाळ. पंचगंगेच्या पात्रावर धुकं पहुडलेलं. धुक्याच्या अंगावर कोवळं केशरी ऊन. आणि त्या उनात हळूहळू विरघळत चाललेला गुऱ्हाळांचा गोड, धुरकट दरवळ. उसाचे रुपेरी तुरे दवाने जडावलेले. काठावरची बाभूळ सोनसळी, पाणी शिसवी, आभाळ दुधावरच्या सायीसारखं.

अशा त्या धूम्रगंधी, दवभिजल्या सकाळी नदीपलीकडच्या रस्त्याने एक भाड्याची गाडी सावकाश आली. गाडीत एक सासू, एक सून, एक तान्हुली आणि एक रायफल.

तान्हुली रेवा आईच्या कुशीत निजलेली. रायफल खोळीत निजलेली. एकीची झोप मघापासूनची, दुसरीची कैक वर्षांची.

सासूचं नाव मालतीदेवी. अंगावर जांभळं इरकल, पाठ समईसारखी ताठ, नजर समईच्या ज्योतीसारखी स्थिर. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं जिल्ह्यातल्या नेमबाजांत त्यांचं नाव आदराने घेतलं जाई. नळीच्या टोकावरची, नेम धरायची इवलीशी माशी, पलीकडचा काळा ठिपका आणि मधला रोखलेला श्वास. एवढंच त्यांचं जग, आणि ते पुरेसं होतं. मग संसार आला, ऋतू आले, मोतीबिंदू आला. शस्त्रक्रियेनंतर लांबचं लख्ख दिसू लागलं, जवळचं मात्र धुक्यात गेलं. ठिपका दिसला की माशी विरघळे. माशी शोधली की ठिपका पळे.

म्हणून मुलाने दुर्बीण आणून दिली. निळसर भिंगांची, काळीभोर, सडपातळ. पण दुर्बीण रायफलीवर नुसती ठेवून चालत नाही. तिला रायफलीच्या पाठीवर धरून ठेवायला दोन कड्या लागतात. कडीचं वर्तुळ दुर्बिणीला वेढतं आणि कडीचा पाय रायफलीच्या पाठीत रुततो. त्या कड्या निवडायला आज ही स्वारी निघालेली.

दस्तगीरभाई मुल्लांचं बंदुकांचं दुकान रस्त्याच्या वळणावर. तेलाचा वास, लाकडाचा वास, आणि वातीच्या स्टोव्हवर उकळणाऱ्या चहाचा वास.

“या, या आक्कासाहेब! दुकानाची वाट इसरला व्हता का काय?” पांढऱ्या दाढीतून हसत दस्तगीरभाई उठले. मग सुनेच्या कुशीकडे बघून म्हणाले, “आनि ह्या धाकल्या नेमबाज व्हय?”

“हिचा नेम फक्त माझ्या झोपेवर,” सून हेमांगी म्हणाली. “अजून एकदाही चुकला नाही.”

काचेखाली निळ्या मखमलीवर कड्या मांडलेल्या. काळ्या, करड्या, चंदेरी. बुटक्या, मध्यम, उंच. जणू एखाद्या कासाराने संक्रांतीच्या तोंडावर दुकान सजवलेलं. आणि कासार जसा आधी बांगडी बघत नाही, मनगट बघतो, हाडाचा रेटा आणि तळव्याचा मांसलपणा चाचपतो, मगच चुडा काढतो, तसे दस्तगीरभाई आधी रायफल बघत.

कोपऱ्यात एक थोरली रायफल उभी होती. डोंगराकडच्या शेतातून रानडुकरं पिटाळणारी, रांगडी, रणरागिणी. तिचा धक्का खांद्यावर बैलाच्या धडकेसारखा. तिच्यासाठी रुंद, जाड, पोलादी कड्या काढून ठेवलेल्या. पाटल्या-तोड्यांचा भारदस्त साज. तिचा मालक बाकावर चहा फुंकत बसलेला, आणि त्याच्या भुवईवर ताजी, लालसर चंद्रकोर. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवलेली. पहिल्याच गोळीच्या धक्क्याला तिच्या काठाने कपाळावर आपली सही केली.

“बायकू म्हनती, माझ्यापरीस तुमालाच शोभतीया,” तो म्हणाला, आणि सगळे हसले.

शेजारी आडवी एक हवेवरची रायफल. खेळण्यासारखी, पोरवयाची, निरागस दिसणारी. पण तिच्या पोटातली स्प्रिंग सुटते तेव्हा झटका एकदा मागे येतो आणि एकदा पुढे; त्या दुहेरी हिसक्याने भल्याभल्या दुर्बिणी कणाकणाने जागा सोडतात. म्हणून तिला दोन सुट्या कड्या नकोत, एकसंध जोडकडी हवी. आणि तिच्या तळाशी एक बारीकशी खुंटी, रायफलीच्या भोकात रुतून बसणारी. वासराला दावं लागतं, तशी.

“दिसाया ल्हान,” दस्तगीरभाई म्हणाले, “पर धरून ठेवायला हीच लई अवघड.”

हेमांगीने कुशीतल्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि नकळत हात जरा घट्ट केला.

मग मालतीदेवींची रायफल खोळीतून निघाली. बावीस बोअरची, अक्रोडी लाकडाची, मृदुभाषिणी. धक्का म्हणाल तर मांजरीने खांद्यावर पाय ठेवावा एवढाच. पाठीवर दोन समांतर खाचा, कुण्या कुशल नखाने ओढल्यासारख्या. दस्तगीरभाईंनी ती रिकामी असल्याची खात्री केली, पुन्हा एकदा केली, आणि मग मखमलीवरून एक नाजूक, बुटकी जोडी उचलली.

“हिला ह्याच. दुर्बीण नळीला जितकी चिकटून, तितका नेम सच्चा. तुमचं गुरुजी बी तेच सांगायचं नव्हं?”

“रायफलीपुढं मान वाकवायची,” मालतीदेवी म्हणाल्या. “ती आपल्यापुढं वाकत नसते.” मग लाकडावरून अंगठा फिरवत, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, “आज जमलं तर रविवारी ज्येष्ठांच्या सामन्यात उतरणार. नाही जमलं, तर ही तुमच्याकडेच ठेवून जाणार. चांगलं गिऱ्हाईक बघा. खोळीत कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी खांद्याला लागू दे.”

बोलणं सहज होतं. अंगठा सहज नव्हता. तो लाकडावरून फिरायचा थांबेना.

दस्तगीरभाईंनी कड्या बसवल्या. भिंतीवर ओळंबा सोडला, दुर्बिणीतली उभी रेघ त्याच्या दोऱ्याशी जुळवली, आणि स्क्रू आवळले; एक इकडचा, एक तिकडचा, जरासा हा, जरासा तो. फार आवळलं तर दुर्बीण चेपते, कमी आवळलं तर सरकते.

खिडकीतून टेकडीच्या उतारावर एक पांढरा दगड दिसे. मालतीदेवी बसल्या, रायफल खांद्याला लावली, मान वाकवली.

दुर्बिणीतलं जग पौर्णिमेसारखं असावं लागतं. वाटोळं, तेजाळ, काठोकाठ. पण मालतीदेवींना दिसलं ते ग्रहण. खालच्या काठाने काळोखाची एक कोर आत सरकली. त्यांनी मान आणखी वाकवली. मानेच्या मणक्यातून एक तापलेली तार खांद्यापर्यंत ओढली गेली. कोर किंचित मागे हटली, पुन्हा पुढे आली.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या.

मध्यम कड्या लावून झाल्या. पुन्हा ओळंबा, पुन्हा स्क्रू, पुन्हा ती वाकलेली मान. पुन्हा ग्रहण, आता पातळ, पण होतंच.

मालतीदेवींनी रायफल हळूच टेबलावर ठेवली. खोळीची नाडी बोटांनी सरळ केली.

“कड्या काय करणार, दस्तगीरभाई? डोळेच गेले माझे. ठेवून घ्या.”

चहा उकळत राहिला. भुवईवर चंद्रकोर असलेल्या माणसाने उगाच आपल्या पायांकडे पाहिलं. दस्तगीरभाई काच पुसू लागले, जी आधीच पुसलेली होती.

हेमांगी मात्र पाहत होती. कित्येक महिने तिचं सगळं अस्तित्व पाहण्यातच गेलं होतं. झोपेतला श्वास पाहायचा, ओठांचा रंग पाहायचा, पाळण्याची गाठ पाहायची, पुन्हा पाहायची. असं पाहणं एकदा जडलं की ते एकाच माणसापाशी थांबत नाही. घरभर फिरतं, दारामागे जातं, दुसऱ्यांच्याही श्वासांपाशी घुटमळतं. आणि म्हणून तिला ठाऊक होतं की आईसाहेब चहा पिताना बशीकडे जात नाहीत, बशी त्यांच्याकडे येते. हाक मारली तर नुसता चेहरा वळत नाही. पाठीसकट सगळं शरीर वळतं, देवळाच्या दारासारखं, संथ आणि सबंध.

ठाऊक होतं. पण चार माणसांत सासूचं दुखणं सुनेने कसं बोलून दाखवायचं? तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

“आईसाहेब, उंच कड्या लावून बघूया का?”

“उंच? त्या नवशिक्यांच्या.”

“डोळे चांगले आहेत तुमचे. काल गच्चीवरून तुम्हीच मला पलीकडच्या माळावरची म्हैस दाखवलीत. मला दिसली नव्हती.” मग आवाज खाली आला. “मान दुखतेय तुमची.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. रेवाचा मुका घ्यायला तुम्ही वाकत नाही. तिला वर उचलून मागता.”

मालतीदेवींची नजर सुनेवर स्थिरावली. जुन्या नेमबाजाची नजर. तिच्यासमोर उभं राहणं सोपं नव्हतं.

“म्हणजे माझ्यावर पाळत ठेवतेस?”

“रेवावर ठेवते,” हेमांगी म्हणाली. “मध्ये मध्ये तुम्ही येता.”

आणि मग मालतीदेवींच्या ओठांच्या कडेला हसू उमटलं. आधी एक बारीक रेघ, मग सबंध ऊन. त्यांनी हात मानेवर ठेवला. इतके दिवस लोकांसमोर तो तिथे कधी गेला नव्हता.

“काढा उंच कड्या,” त्या म्हणाल्या.

“लोकं हसतील बगा,” दस्तगीरभाई सर्वांत उंच जोडी हुडकत म्हणाले. त्यांचा आवाज मात्र खुलला होता. “उंटावरनं शेळ्या हाकत्यात म्हनतील.”

“हसू दे. उंटावरनं लांबचं दिसतं.”

उंच कड्या बसल्या. सारसाच्या पायांसारख्या, उंच, सडसडीत. ओळंबा सुटला, रेघ जुळली, स्क्रू आवळले. मालतीदेवींनी रायफल खांद्याला लावली आणि मान वाकवली नाही. दुर्बीणच वर आली होती, डोळ्यापर्यंत, आर्जवाने. पण गाल आता लाकडापासून सुटला. आधाराविना चेहरा अधांतरी, पाण्यावरच्या कमळासारखा किंचित हलता.

हेमांगीने रेवाच्या अंगावरचं दुपटं हलकेच काढलं, आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली. दुपटं मऊ, धुऊन धुऊन मलमल झालेलं, बाळदुधाच्या वासाचं. तिने त्याची घडी केली, घडीची घडी केली, आणि रायफलीच्या दस्त्यावर, जिथे गाल टेकतो तिथे, खोळीच्या नाडीने बांधली.

मालतीदेवींनी गाल टेकला.

काळोखाची कोर नव्हती. काठोकाठ उजेड. उजेडात पांढरा दगड. दगडावर एक सरडा, ऊन खाणारा. आणि सरड्याच्या गळ्याची धडधडही दिसावी असं स्वच्छ, निर्मळ, नितळ वर्तुळ. मानेतली तार निमूट. श्वास आत आला, बाहेर गेला, आत आला. त्या पाहत होत्या.

दुपारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर वारा पडलेला. समोर वाळलेल्या गवताचा पिवळा पट्टा, पट्ट्याच्या टोकाला कागदाचा पांढरा चौकोन, त्याच्या पाठीशी जुन्या खाणीची काळी कातळभिंत. हेमांगी रेवाला घेऊन पार लांब, कुंपणापलीकडच्या चिंचेखाली थांबली; तरीही तिचे दोन्ही तळवे रेवाच्या कानांवर.

पहिली गोळी ठिपक्याच्या डावीकडे गेली. नव्या दुर्बिणीची पहिली गोळी अशीच जाते. तिला अजून घर माहीत नसतं. दस्तगीरभाईंनी दुर्बिणीवरची चकती टक्-टक् फिरवली. दुसरी जवळ आली. पुन्हा एक टक्. आणि मग त्यांनी हात मागे घेतला, कारण पुढचं काम कड्यांचं नव्हतं, स्क्रूचं नव्हतं, त्यांचंही नव्हतं.

मालतीदेवी बसलेल्या. पाठ ताठ, मान ताठ, गालाखाली दुपटं. गवत स्तब्ध. चिंच स्तब्ध. एक टिटवी ओरडून गप्प झाली. श्वास आत आला, अर्धा बाहेर गेला, आणि उरलेला अर्धा कुठेतरी, ओंजळीतल्या पाण्यासारखा, थांबून राहिला.

बार झाला. छोटासा, कोरडा, टाळीसारखा.

दस्तगीरभाई कागद घेऊन आले ते अर्ध्या वाटेवरूनच हात हलवत. “आक्कासाहेब, गिऱ्हाईक बगू का आता?”

“बघा की,” मालतीदेवी म्हणाल्या. “मी मेल्यावर.”

त्या कागद घेऊन चिंचेकडे चालू लागल्या. संथ, सबंध. हेमांगी पुढे आली, आणि काही न सांगता तिने रेवाला वर उचललं, आजीच्या चेहऱ्याच्या उंचीला. आजीने मुका घेतला. रेवा जागी झाली. झोपाळू, गोंधळलेली, उन्हाने मिचमिचणारी.

मालतीदेवींनी कागद उन्हाकडे धरला. काळ्या ठिपक्याच्या ऐन मध्यावर एक भोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यातून ऊन आत शिरलं, पलीकडे उतरलं, आणि रेवाच्या इवल्या हातावर एक गोल, सोनेरी दाणा पडला.

रेवाने तो पाहिला. मूठ मिटली. दाणा मुठीत आला नाही. मुठीच्या वर बसून राहिला. तिने मूठ उघडली, तो तळव्यावर. मिटली, तो बोटांवर. उघडली, मिटली, उघडली. आणि कागद धरणारा हात जराही हलला नाही.