भुशाची ओढ

मार्गशीर्षातलं मवाळ, मधुवर्णी ऊन सावंतवाडीच्या कौलांवरून उतरत होतं. चितारआळीत लाखेचा गंध होता, पांगाऱ्याच्या शुभ्र भुश्याचा गंध होता, आणि त्या गंधांनी वेडावलेला एक कुत्रा होता.

कुत्र्याचं नाव भुशा. रंगानं भुश्यासारखा, गुणांनी दिव्य. दोरी दिसली की धरायची, धरली की ओढायची. शेजाऱ्यांच्या वाळत्या धोतरांपायी मृणालिनीनं किती जणांची माफी मागितली होती, त्याला गणती नाही.

नोकरीतून मोकळी झालेली मृणालिनी चाळीस वर्षांनी आजोळी आली होती, ती एका आवाजासाठी. बालपणीच्या प्रत्येक प्रभाती तिला जाग यायची दोरीच्या लेथच्या घुरघुरीनं. लेथला विजेच्या मोटारी आल्या आणि तो नाद हरपला. उरला असलाच तर एकाच जागी, दाजी चितारी आणि त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई यांनी वारसा म्हणून जपलेल्या या जुन्या कामघरात.

तिथे लेथ होता, पण नाद नव्हता.

जोडीचं काम ते. सत्यभामाबाईंनी दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची, लाकूड मागेपुढे गरगरायचं, आणि पुढच्या फेऱ्याला दाजींनी पटाशी टेकवायची. पन्नास वर्षं असं चाललं. गणपतीत बाईंचा उजवा हात मोडला, तो पुन्हा बळ धरेना. ओढायला कुणी नाही, म्हणून उद्या लेथ नुसता बघण्यापुरता काचेआड जाणार होता.

डावं टोक बाईंच्या डाव्या हाती होतं. मृणालिनीनं उजवीकडचं टोक धरलं आणि जीव तोडून ओढलं. लाकूड अडलं, कुरकुरलं, थांबलं.

"ऱ्हवांदे गे बाय," दाजी मऊपणे म्हणाले. तिला रडू आलं. दोरी हातातून सुटली आणि भुशाच्या पुढ्यात पडली.

त्यानं ती लगेच दातांत धरली. "भुशा, सोड," मृणालिनी ओरडली.

तो कसला सोडतोय. सत्यभामाबाई हसल्या. "धरूंदे त्याका. माजो हात गेलो, पन ह्येचे दात आसत."

त्यांनी डाव्या हातानं ओढलं. भुशा गुरगुरला, ओढला गेला, आणि शेपूट हलवत त्यानं उलट हिसका दिला. पुन्हा त्या. पुन्हा तो. घुर्र आणि घुर्र, घुर्र आणि घुर्र. लाकूड गरगरलं, पटाशी गायला लागली, भुश्याची शुभ्र फुलं उधळली.

मृणालिनी बघत राहिली. भुशा नुसता ओढत नव्हता. ओढून झालं की तो ढील देत होता. तिनं ढील दिलीच नव्हती. अवगुण म्हणून ज्याला रोज रागावली, त्याच्याकडूनच ती आज शिकली.

भुशा दमला तेव्हा तिनं ते ओलं, लाळेनं माखलेलं टोक हाती घेतलं. ओढ आणि ढील, ओढ आणि ढील. दाजींनी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेच्या कांड्या टेकवल्या. आरक्त वलय उमटलं, हळदी वलय उमटलं. केवड्याच्या पानानं घासून त्यांनी वलयांना झळाळी दिली.

"उद्या येशीत?" दाजींनी विचारलं.

"उद्या, परवा, रोज," ती म्हणाली. तिला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"मगे काच परत धाडतंय."

दाजींनी त्या लाकडाचा झालेला नवा भोवरा जमिनीवर सोडला. तो फिरत राहिला, तांबडा, हळदी, तांबडा, हळदी, आणि त्याच्यासमोर पंजे पसरून बसलेला भुशा त्याची दोरी शोधत राहिला.